रेजिनाताई कोरी जागा सोडत नसत

फॉर्मवरची एखादी चौकट कोरी राहिलेली रेजिनाताई तुस्कानोंना खपत नसे. एखाद्याने वडिलांचं नाव ठाऊक नाही म्हणून सांगितलं, तर त्या "ठाऊक नाही" असं टाइप करत, पण जागा मोकळी ठेवत नसत. शारजात सरकारदरबारी जाणारा बहुतेक प्रत्येक कागद आधी टायपिंग सेंटरमधून जातो. काउंटरपलीकडचं माणूस आपल्याला प्रश्न विचारतं, फॉर्म भरतं आणि आपण तो घेऊन पुढच्या खिडकीवर जातो. अल मजाजच्या मागच्या रस्त्यावरच्या अशाच एका सेंटरात रेजिनाताई तीन नंबरच्या काउंटरला बसत. मी पहिल्यांदा त्यांच्यासमोर बसले तेव्हा अडीअडचणीला कुणाला कळवायचं, ही चौकट मी तशीच सोडली होती. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"इथे कोण?"

"कुणी नाही. रिकामं ठेवलं तर चालतं ना?"

"सिस्टिमला चालतं. मला चालत नाही. रिकामी जागा दिसली की लोक तिथे आपल्या मनाचं लिहितात." आणि त्यांनी खडाखड स्वतःचा मोबाइल नंबर टाइप केला. "नातं काय टाकू?"

"अहो, मी तुम्हाला ओळखतसुद्धा नाही."

"मग शेजारीण टाकते. राहता कुठे?"

"दुबईला, इंटरनॅशनल सिटीत. शेअरिंगमध्ये."

"नोकरी शारजात आणि राहायला इंटरनॅशनल सिटी? आयुष्य ट्रॅफिकमध्ये काढायचंय का? माझ्याकडे एक खोली रिकामी आहे. यल्ला, चला, शुक्रवारी सामान घेऊन या. फॉर्मवर खोटं लिहिल्यासारखं व्हायला नको."

अशी मी त्यांची शेजारीण झाले आणि पाच वर्षं राहिले. मी मूळची सांगलीची, म्हणून त्या मला कायम "सांगलीकर" म्हणत. माझं पाळण्यातलं नाव त्यांनी फक्त फॉर्मवर लिहिलं.

वसईच्या ख्रिस्ती घरातली ही बाई तेव्हा पन्नाशी ओलांडलेली, बुटकी, कुर्ता-पॅन्टमधली, केस कानापर्यंत कापलेले. पर्समध्ये लिपस्टिक नाही, स्टेपलर. घरात प्रत्येक कागदाच्या तीन झेरॉक्स. नाताळला फुगे, म्हणजे मैद्याचे गोडसर फुगलेले गोळे, तळायच्या आणि मजल्यावरच्या सगळ्या घरांत पाठवायच्या. कुणी "कशाला त्रास घेतलात" म्हटलं की "त्रास झाला असता तर पाठवले नसते" असं तोडून टाकायच्या. बोलणं गोड नव्हतं. पण एखाद्या मजुराच्या फॉर्मवर कंपनीच्या माणसाने उभ्या उभ्या अंगठा घेतलेला दिसला, की त्या काउंटरवरून उठून त्या मजुराला पूर्ण फॉर्म हिंदीत वाचून दाखवत. मागे रांग ओरडत असे. ओरडू दे म्हणत. त्यांच्या मॅनेजरने यावरून त्यांना दोनदा लेखी ताकीद दिली होती आणि दोन्ही ताकिदींतल्या इंग्रजीच्या चुका लाल पेनाने सुधारून त्यांनी त्या परत केल्या होत्या.

लग्न केलं नव्हतं. मी एकदा आगाऊपणे विचारलं. त्या म्हणाल्या, "आमच्या घरातल्या बायकांचा नवऱ्याची वाट बघायचा कोटा माझ्या आजीने एकटीने संपवला."

ती आजी म्हणजे मोनिका. आणि ज्याची वाट बघितली तो पास्कू. रेजिनाताईंच्या आयुष्यात खरं महत्त्वाचं काम एकच होतं, ते म्हणजे हा पास्कू शोधणं.

गोष्ट तशी थोडकी. दुसऱ्या महायुद्धाच्या आधी पास्कू तुस्कानो, बाप्तिस्म्याचं नाव पास्काल, वसईहून मुंबईला गेला आणि इंग्रजांच्या एका मालवाहू बोटीवर स्वयंपाक्याच्या हाताखाली लागला. रेजिनाताईंचे वडील तेव्हा रांगत होते. युद्ध सुरू झालं आणि पास्कूची पत्रं थांबली. युद्ध संपलं, गावातले इतर खलाशी परतले, पास्कू आला नाही. मेल्याचा कागदही आला नाही. मग गावाने ती रिकामी जागा भरली. कुणी म्हणालं, हँबर्गला गोरी बाई ठेवलीय. कुणी म्हणालं, लिव्हरपूलला हॉटेल काढलंय. मोनिका धड विधवा नाही, धड सवाष्ण नाही. लग्नघरात नवरीला नारळाचा रस लावायची वेळ आली की तिला भांडी मोजायला पाठवत. तिला काळं नेसता आलं नाही, कारण नवरा मेल्याचा पुरावा नव्हता. आणि ती हसली की बायका एकमेकींकडे बघत. दोन नोव्हेंबरला, मृतांच्या दिवशी, दफनभूमीत गावातल्या गेलेल्या माणसांची नावं वाचतात. मोनिकाने एकदा नवऱ्याच्या नावाची चिठ्ठी दिली होती. तेव्हाचे फादर म्हणाले, जिवंत असला तर? चिठ्ठी परत आली.

मोनिका वारली तेव्हा मुलाने, म्हणजे रेजिनाताईंच्या वडिलांनी, कबरीवरच्या दगडावर तिचं नाव कोरून घेतलं आणि वरची एक ओळ कोरी ठेवली. बापासाठी. ते स्वतः गेले तेव्हाही ती ओळ कोरीच होती. जाण्याआधी मुलीला म्हणाले, "तेवढं बघ." गावाचं नाव मी लिहीत नाही. रेजिनाताईंनाही ते आवडणार नाही. त्या म्हणतील, गावाला उगाच प्रसिद्धी कशाला.

जर्मनीत एक फार मोठं दप्तर आहे. त्या युद्धात ज्यांना छळलं, डांबलं, बेगारीला जुंपलं, अशा माणसांचे कागद तिथे जपून ठेवलेत आणि जगभरातली पोरंनातवंडं आपलं माणूस तिथे शोधतात. रेजिनाताईंना कुठूनतरी कळलं, की शत्रूच्या बोटींवरचे हिंदी खलाशीसुद्धा जर्मनांनी पकडून छावण्यांत ठेवले होते. त्या दिवसापासून दर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी, चर्चहून आल्यावर, चहा घेऊन त्या लॅपटॉप उघडायच्या. पास्कू तुस्कानो, जन्म वसई. उत्तर यायचं, अतिशय सभ्य इंग्रजीत: या नावाची नोंद आढळली नाही.

"बघा किती छान नाही म्हणतात," त्या मला म्हणायच्या. "आपल्याकडे नाही म्हणताना हाकलून देतात." आणि लगेच उत्तर लिहायला घ्यायच्या. त्यांच्या पत्राची सुरुवात ठरलेली होती: आपण नोंद नाही म्हणता, नोंद नाही याचा अर्थ माणूस नाही असा होत नाही. मग पास्कूचं नाव कुठल्या कुठल्या प्रकारे लिहिलं गेलं असेल त्याची यादी. मग शेवटी, आपल्या तब्येतीची काळजी घ्या. मी राहायला गेले तेव्हा त्यांच्या फाइलमध्ये अकरा नकार होते. त्या त्यांना क्रमांक घालायच्या. मला हे सगळं खूळ वाटायचं, हे कबूल करते. ऐंशी वर्षांपूर्वीचा माणूस सापडून काय होणार होतं? पण हे तोंडावर बोलायची हिंमत मला झाली नाही.

ती हिंमत त्यांच्या भावाला होती. डॉमणिकभाऊ गावी घर सांभाळून होते आणि दर रविवारी फोन करायचे. फोन स्पीकरवर असायचा, कारण रेजिनाताई तेव्हा मासे साफ करत असत.

"रेजिना, पुरे कर आता. समज, सापडला आणि खरंच तिकडे दुसरा संसार निघाला तर? गावात तोंड कुठे दाखवायचं?"

"निघू दे. निदान नाव घेऊन शिव्या देता येतील."

"आजी गेली, पप्पा गेले. कुणाला पडलंय?"

"मला पडलंय. खलास."

"आणि दगडावर मी काही खोटं कोरू देणार नाही, आधीच सांगतो. पुरावा आण, मग बोल."

"आणते," त्या म्हणाल्या आणि बोंबलाचं डोकं जरा जास्तच जोरात उडवलं. फोन ठेवल्यावर मात्र बराच वेळ नळाखाली हात धरून उभ्या होत्या. तेव्हा माझ्या ध्यानात आलं, की भावाने बोलून दाखवलेली भीती त्यांनाही होती. पास्कू पळून गेलेला निघाला, तर आजीने साठ वर्षं सोसलं ते सगळं गावाचंच खरं ठरणार होतं. तरीही त्या शोधत होत्या.

आता त्यांच्या शिवणकामाबद्दल सांगितलं पाहिजे, कारण पुढचं सगळं त्यावरून आलं. रेजिनाताई बावीस वर्षांच्या असताना शारजात आल्या त्या शिंपीण म्हणून. म्हणजे व्हिसावर शिंपीण. एका ओळखीच्या माणसाकडे शिंप्याचा व्हिसा शिल्लक होता, काम मात्र ऑफिसात टायपिंगचं. त्यांना सुईत दोरा ओवता येत नव्हता. पण दर वेळी नूतनीकरणाला जाताना त्या गळ्यात मोजपट्टी अडकवून जात. एकदा खिडकीवरच्या साहेबाने गंमत म्हणून आपल्या बाहीचं सुटलेलं बटण पुढे केलं. रेजिनाताईंनी ते स्टेपल केलं. साहेब इतका हसला की शिक्का मारून मोकळा झाला. नऊ वर्षं त्या कागदोपत्री शिंपीण होत्या आणि हे त्या अभिमानाने सांगत. आखातात हे आम्हा सगळ्यांना ठाऊक असतं. कागदावरचा माणूस वेगळा आणि कामावर जाणारा वेगळा.

तर एका सकाळी माझ्या ओळखपत्राची मुदत संपत आली म्हणून मी त्यांच्या काउंटरला बसले होते. माझ्या आधी एक नेपाळकडचा वाटणारा, उन्हाने करपलेला माणूस होता.

"व्हिसा में क्या है?" रेजिनाताईंनी विचारलं.

"मेसन, मॅडम. राजमिस्त्री."

"काम क्या करते हो?"

"गाड़ी चलाता हूँ."

"जनम का गाँव?"

"जो पासपोर्ट में है वही लिखो, मॅडम. वो एजंट ने दिया था. मेरा गाँव तो दूसरा है."

"दूसरा गाँव क्यों दिया?"

"उस गाँव के लड़कों को नौकरी मिलती थी. हमारे गाँव को कोई नहीं पूछता था."

रेजिनाताईंची बोटं थांबली. पाच वर्षांत मी ती बोटं कामाच्या वेळी थांबलेली तेवढी एकदाच पाहिली. त्यांनी त्या माणसाचा फॉर्म पूर्ण केला, त्याला चॉकलेट दिलं, माझा फॉर्म न भरताच 'काउंटर बंद'ची पाटी लावली आणि मला म्हणाल्या, "सांगलीकर, मी गाढव आहे."

वडिलांनी त्यांना लहानपणापासून सांगितलं होतं, की पास्कू मुंबईत गोवेकर खलाशांच्या खोलीवर राहायचा. हे त्यांना पाठ होतं, पण त्याचा अर्थ कधी काढला नव्हता. बोटीवर जेवणखाण सांभाळायला त्या काळी साहेबाला गोवेकर हवे असत. मुंबईत गोव्याच्या गावागावांच्या खोल्या होत्या, त्यांना कूड म्हणत; तिथे त्या त्या गावच्याच माणसाला खाट मिळे आणि तिथूनच बोटीवर भरती होई. मग त्यात वसईचा पास्कू कसा शिरला? गेली कित्येक वर्षं त्या वसईत जन्मलेला तुस्कानो शोधत होत्या. स्वतः नऊ वर्षं शिंपीण असलेल्या बाईला आजोबांच्या कागदावर खरं लिहिलेलं असेल, याची खात्री होती! त्या हसायला लागल्या आणि हसता हसता डोळे पुसायला लागल्या.

पुढच्या शनिवारी आम्ही खोर फक्कानला गेलो. तिथल्या बंदरात नोकरीला असलेल्या मुलाकडे आग्नेल अंकल राहायचे, नव्वदीला टेकलेले, मूळचे गोव्याचे, जन्मभर बोटींवर कुक. चर्चमधून ओळख. त्यांच्या गॅलरीतून कंटेनर उचलणाऱ्या क्रेन दिसायच्या आणि अंकल प्रत्येक बोटीला नावाने शिव्या द्यायचे. रेजिनाताईंनी आजीच्या प्रार्थनेच्या पुस्तकातून एक संताचं चित्र काढून त्यांच्या हातात दिलं. पास्कूने मुंबईहून पाठवलेलं, कोपरे झिजलेलं. आजीने त्यालाच नवरा समजून सांभाळलेलं.

अंकलनी ते डोळ्यांजवळ नेलं. "हा आमच्या सासष्टीतल्या एका गावचा सायब. प्रत्येक कूडात आपल्या गावच्या संताची तसबीर असायची. फेस्ताला, त्याच्या सणाला, अशी चित्रं वाटायचे." त्यांनी गावाचं नाव सांगितलं.

"वसईचा माणूस तिथे राहू शकला असता, अंकल?"

"वसईचा म्हणून नाही. पण पोरगा बरा असला, स्वयंपाक येत असला, तर आम्ही त्याला गाव द्यायचो. माझ्या वेळी पण दोघं होते. गाव द्यायचो, आडनाव द्यायचो. मग तो आमचाच."

"आणि पहिलं नाव?"

"ते कसं बदलणार, बाय? बाप्तिस्म्याचं नाव. बुडाला तर देव कुठल्या नावाने हाक मारणार?"

घरी आल्याबरोबर, शुक्रवार नसताना, रेजिनाताईंनी लॅपटॉप उघडला. तुस्कानो सोडा, वसई सोडा, असं त्यांनी लिहिलं. गोव्यातल्या अमुक गावी जन्मलेला, बोटीवर काम करणारा, पास्काल नावाचा कुणीही. शेवटी नेहमीसारखं, तब्येतीची काळजी घ्या.

उत्तराला सात महिने लागले. त्या दिवशी मी ऑफिसातून आले तर त्या टेबलाशी बसलेल्या आणि चहावर साय धरलेली. त्यांनी स्क्रीन माझ्याकडे वळवली. पिवळट कार्ड, टाइप केलेलं, जर्मन भाषेतलं. खाली दप्तरातल्या बाईंनी इंग्रजी अर्थ दिलेला. पास्काल फर्नांडिस. जन्म गोव्याचा. प्रजा पोर्तुगालची. वडिलांचं नाव कुणा परक्याचंच. हुद्दा, स्वयंपाक्याचा मदतनीस. बोट पकडली गेली, उत्तर जर्मनीतली छावणी, नंतर दवाखाना, फुप्फुसाचा क्षय. मृत्यूची तारीख. पुरल्याच्या जागेचा क्रमांक.

"रेजिनाताई, पण हा आपलाच कशावरून?" मी हळूच विचारलं.

त्यांनी शेवटच्या चौकटीवर बोट ठेवलं. कुणाला कळवायचं, ती चौकट. तिथे लिहिलं होतं: पत्नी, मोनिका तुस्कानो. पुढे गावाचं नाव, आणि वसई.

"गाव खोटं, बाप खोटा, आडनाव खोटं," त्या म्हणाल्या. "पकडला जाईल म्हणून कुठेच खरं बोलला नाही. इथे बोलला." मग त्यांचा आवाज एकदम चढला. "आणि कुणी कळवलं नाही! पत्ता लिहिलेला आहे, टाइप केलेला आहे, स्पेलिंगसकट बरोबर आहे. एवढ्या मोठ्या युद्धात एक कार्ड टाकायला कुणाला वेळ झाला नाही. माझी आजी साठ वर्षं भांडी मोजत बसली!" त्या टेबलावर थापा मारत रडत होत्या. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला, तो त्यांनी झटकला नाही.

रविवारी डॉमणिकभाऊंचा फोन आला. भाऊंनी कार्डाचा फोटो पाहिला होता.

"पण रेजिना, हा फर्नांडिस आहे," ते म्हणाले. "फादरना काय सांगायचं? दगडावर काय लिहायचं?"

"पास्कू. मोनिकाचा नवरा."

"असं कुणी लिहितं का दगडावर?"

"आपण लिहितो. त्याच्या कागदावर तेवढंच खरं आहे. आणि दोन तारखेला फादरनी तेवढंच वाचायचं, गावाला ऐकू जाईल असं."

भाऊ म्हणाले, "मी दगडवाल्याकडे जाऊन येतो."

रेजिनाताई तेवढ्यावर थांबल्या नाहीत. कार्डाची दप्तराचा शिक्का असलेली प्रत मागवली, तिचं मराठी भाषांतर करून घेतलं, इंग्रजी होतंच, आणि वर अरबीही. "अरबी कशाला?" मी म्हटलं. "गावात कुणाला वाचता येणार?"

"वाचायला नाही. शिक्के जास्त दिसतात. ज्यांनी ऐंशी वर्षं कागद नाही म्हणून ऐकवलं, त्यांना कागद मोजू दे."

ऑक्टोबर संपता संपता त्या निघाल्या. मी त्यांना शारजा विमानतळावर सोडायला गेले. त्या दिवशी त्यांनी साडी नेसली होती, पाच वर्षांत पहिल्यांदा. रोलाच्या बाजारातून आणलेली, बिनकाठाची, काळीभोर. आजीला नेसता आली नाही ती. शारजात काळ्या कपड्यांकडे कुणी वळून बघत नाही; गाडीतून उतरून आत जाईपर्यंत कुणी बघितलंही नाही. पण मुंबईच्या विमानाच्या रांगेत वसईची एक बाई निघाली. तिला त्या साडीचा अर्थ कळला. ती ट्रॉली सोडून लगबगीने पुढे आली आणि तिने रेजिनाताईंचे हात धरले.

"रेजिना, अगं काळं नेसलीस? कोण गेलं?"

"माझे आजोबा," रेजिनाताई म्हणाल्या. रांगेत पुढे-मागे ऐकू जाईल अशा आवाजात.

बाईने क्रूसाची खूण केली. रेजिनाताईंच्या पांढऱ्या केसांकडे पाहत तिने मनात काहीतरी हिशेब केला असावा, कारण तिचा आवाज समजुतीचा झाला.

"देवाची इच्छा, बाय. खूप वय असेल ना?"

"एकतीस," रेजिनाताई म्हणाल्या, आणि ट्रॉली पुढे ढकलली.